अर्ध्या मिशीची पैज

गोरोबाचा वस्तरा हिंमतरावांच्या गालावर निम्म्यात आला होता, तेव्हा पैज लागली.

सोमवारची सकाळ. हिंमतराव पाटील आपल्या ओट्यावर गळ्यात फडकं बांधून बसलेले, अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरा. खालच्या पायरीवर शेजारचा बब्रुवान, आणि त्याच्या मांडीवर आडवी टाकलेली कमरेएवढी लोखंडी चावी. डोणजवळग्यात ही चावी म्हणजे पाणी. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा म्हणून बब्रुवान सव्वीस वर्षं गल्लीगल्लीतल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत ती घालत आला होता. त्यानं पीळ दिला की आठ दिवस कोरडे पडलेले नळ म्हाताऱ्यासारखे खोकत खोकत जागे व्हायचे.

त्याचा दुसरा धंदा थापा मारायचा. त्याला पगार नव्हता, पण पंचक्रोशीत नाव त्यानंच झालं होतं. मागच्या साली त्यानं कोंबड्यांची खानेसुमारी आहे, नोंद नसलेली कोंबडी सरकारजमा होणार, असं पिकवलं. सकाळी नऊला शाळेच्या पटांगणात दीडशे कोंबड्या आणि सत्तर माणसं. मास्तर बिचारे राष्ट्रगीत सुरू करू का नको म्हणून उभे. ती आठवण निघाली आणि गोरोबाला एवढं हसू आलं की त्यानं वस्तरा लांब धरला.

हिंमतराव मात्र हसले नाहीत. त्यांच्याही दोन कोंबड्या गेल्या होत्या त्या पटांगणात.

"थाप सोडायला काय अक्कल लागती बब्र्या," ते म्हणाले. "माकडबी दगड मारतंय. मारलेला दगड माघारी घेऊन दाखव की."

बब्रुवाननं मांडीवरची चावी थोपटली. "पाणी सोडतो कोण? म्या. बंद करतो कोण? म्याच. थापेचे आटे काय उलटे असत्यात व्हय?"

मग काय, लागलीच. आज थाप सोडायची. संध्याकाळच्या आत ती फिरून बब्रुवानच्याच कानावर आली पाहिजे, आणि सांगणाऱ्यानं ती डोळ्यांनी बघितलेली असली पाहिजे. इथवर हिंमतराव बिनबोभाट कबूल. पण पुढच्या सोमवारच्या बाजारापर्यंत तीच थाप बब्रुवाननं बंद करून दाखवायची, गावात एकानंही ती खरी मानता कामा नये. जो हरेल त्यानं भर बाजारात बसून अर्धी मिशी उतरवायची. मिश्या दोघांनाही होत्या. बब्रुवानची जरा जास्तच. सकाळी नळाला पाणी नसलं तरी तिला तेल असायचं.

तिकडं पैज नुसत्या तोंडानं पक्की होत नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा आणि तिसऱ्यानं आपल्या हाताची कड मारून तो तोडायचा. ज्यानं हात तोडला तो साक्षीदार. उद्या कुणी फिरलं तर बोलायची जबाबदारी त्याची. गोरोबानं वस्तरा उजव्या हातात तसाच ठेवला आणि डाव्या हातानं तोडला.

कोणती थाप सोडायची याचा बब्रुवाननं फार विचार केला नाही. चांगली थाप विचार करून येत नाही, ती जिभेवर आपोआप बसते. गावात त्या दिवसांत एकच विषय होता. आठ दिवसांची पाणीपाळी दहावर गेली होती. वरच्या आळीत चावी फिरवता फिरवता तो घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना हळूच म्हणाला, की कुणाला सांगू नका, पण खाणवस्तीत चोरून पाईप जोडलीय. एक इंची. जमिनीखालून.

खाणवस्ती म्हणजे गावाच्या दक्षिणेची बावीस घरं. पस्तीस वर्षांमागं आळंदच्या बाजूनं, सीमेपलीकडून, दगड फोडायला आलेली माणसं. खाण बंद पडली, माणसं राहिली. घरात कानडी, बाजारात मराठी. सगळ्या वस्तीला मिळून एक नळ, तोही पाळीला चाळीस मिनिटं. ती थाप मारताना बब्रुवानच्या पोटात खाणवस्तीतलीच भाकरी होती. सकाळी तिथलं पाणी सोडून येताना शांताक्कानं खायला घातलेली, शेंगाचटणीबरोबर. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा आठवलं नाही.

संध्याकाळी पाचला सारजाबाई काठी टेकत त्याच्या दारात आल्या. वरच्या आळीत एकटी राहणारी, पंच्याहत्तरीची बाई. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आधी चहा घेतला आणि मग सांगितलं, की तू गावाचा पाणीवाला असून झोपलायस, खाणवस्तीत दोन इंची पाईप घातलीय. काळी. तू म्हणशील कशावरून, तर माझ्या डोळ्यांनी बघितली.

बब्रुवान त्या रात्री पोट धरून हसला. सकाळची एक इंची संध्याकाळी दोन इंची झाली होती. जगात एवढ्या वेगानं काही वाढत नाही.

मंगळवारी त्यानं थाप बंद करायला घेतली. चौकातल्या हॉटेलात मोठ्यानं सांगितलं, की गड्यांनो, ती पाईप म्या काढलेली गोष्ट हाय, पैज लागलीय आमची. सगळे हसले, एकानं पाठीवर थाप मारली. तू कवा खरं बोललायस, म्हणाला, आत्ता तेवढं खरं बोलूलालास? पाईप लपवायला वस्तीनं काय दिलं तुला?

शेवटचं वाक्य त्यानं हसतच म्हटलं होतं, पण बब्रुवानचा चहा तिथंच गार झाला.

खरी गोष्ट बब्रुवानला पक्की ठाऊक होती. पाणी कुणी चोरत नव्हतं. ओढ्याच्या पुलाखाली जुनी सिमेंटची पाईप फुटली होती, चार वर्षं झाली. तो तिला सायकलची ट्यूब गुंडाळत होता आणि ट्यूब महिनाभरात सुटत होती. नव्या योजनेची टाकी बांधून तयार होती. तिला निळा रंग होता, अंगावर किती लिटर ते लिहिलेलं होतं, वर कबुतरं होती. पाणी तेवढं चढलं नव्हतं. त्यानं अकरा वेळा अर्ज दिला होता. ग्रामसेवकाकडं पाच गावं, वरच्या साहेबाची बदली, नव्या साहेबाला फाईल सापडत नाही. या गोष्टीत राग धरायला माणूसच नव्हता. कचेरीवर रागवायचं तर जीप धरून तालुक्याला जावं लागतं आणि साहेब जेवायला गेलेले असतात. खाणवस्तीवर मात्र घरच्या ओट्यावर बसून रागावता येतं.

बुधवारी त्यानं चौघांना उन्हातून ओढ्यापर्यंत नेलं. हिंमतरावही आले, पैजेचे मालक म्हणून. पुलाखाली पाईप भळाभळा गळत होती. आजूबाजूला हाताएवढं हिरवं गवत, त्यात दोन म्हशी निवांत. बघा, बब्रुवान म्हणाला, तुमची पाळी ह्या म्हशी पीत्यात. चौघांनी वाकून बघितलं. एकजण बराच वेळ विचार करून म्हणाला, की ही फोडलीबी त्यांनीच असंल.

बाकीच्यांनी माना हलवल्या. बब्रुवाननं हिंमतरावांकडं बघितलं. पैज जिंकत आलेल्या माणसाला हसू यायला पाहिजे होतं. हिंमतरावांना आलं नाही. ते गवताकडं बघत होते आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी चालू होतं. बब्रुवानला पहिल्यांदा भीती वाटली ती तिथं, भर दुपारी, म्हशींसमोर.

गुरुवारी गावात रणधीर आला. रणधीर तालुक्याचा, तिशीतला, 'एकवट' पक्षाचा माणूस. या पक्षाचं चिन्ह कुलूप. घराला कुलूप लावता, मग गावाला का नाही, हे त्यांचं बोलणं. मागच्या निवडणुकीत डोणजवळग्यात कुलपाला अकरा मतं पडली होती. तेव्हा बब्रुवाननंच गावभर विचारलं होतं, की अकरा जण चावी विसरून आले का काय. आता रणधीरच्या जीपच्या मागं टँकर होता, आणि टँकरला बघून कुणी विनोद करत नाही. घरटी दोन घागरी, फुकट. फक्त यादीत नाव लिहायचं: आजा ह्याच गावचा का, त्याची माती ह्याच गावात झाली का. जीपवरच्या भोंग्यातून आवाज येत होता. खाणवस्तीत चार इंची पाईप निघालीय, असं सांगत होता. आणि मग, हे आमी न्हाय म्हणत, तुमच्या गावचा पाणी सोडणारा म्हणतोय, सव्वीस वर्षांचा अनुभव हाय त्याला.

बब्रुवान घरी आला तर बायको दोन भरलेल्या घागरी उतरवत होती. घागरीवर कुलपाचं चित्र चिकटवलेलं. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, तुमच्या नळाला येतंय का, मग गप प्या. तो प्याला. पाणी गोड होतं, हे वाईट.

मग तो सरळ रणधीरकडं गेला आणि पायरीपासून वस्तऱ्यापर्यंत सगळी हकिकत सांगितली. रणधीर ओरडला नाही, धमकावलं नाही. खुर्ची दिली. मन लावून ऐकलं, कोंबड्यांच्या गोष्टीला हसलासुद्धा.

"काका, पाईप फुटलीय हे तुमी चार वर्षं सांगूलालाव," तो म्हणाला. "किती लोक आले ऐकायला?"

बब्रुवानला ओढ्यावरचे चौघे आठवले.

"आणि ही तुमची थाप. तीन दिवसांत आख्खं गाव. मग सांगा, लोकांना काय पाहिजेल हाय?" तो उठला, बब्रुवानच्या खांद्यावर हात ठेवला. "लोकास्नी पाणी मिळत न्हाय हे तर खरं हाय ना? बाकीचं आपुन बघू."

त्याचं म्हणणं सगळं खोटं असतं तर बब्रुवानला बरं वाटलं असतं.

शुक्रवारपासून त्याची झोप गेली. जेवण जाईना. मिशीला तेल लावायचं राहून गेलं. गल्लीत चार माणसं दिसली की त्याला वाटायचं, आता आणखी किती इंची झाली असेल. हिंमतरावांच्या ओट्यावर संध्याकाळी चपला वाढायला लागल्या. शनिवारी कळलं की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला कुलपाचं पॅनल उभं राहणार आणि त्याचे पुढारी हिंमतराव. त्याच दिवशी सोमवारच्या ग्रामसभेची दवंडी झाली. विषय एक: खाणवस्तीचा नळ बंद करणे. बंद कोण करणार हे सांगायची गरज नव्हती. चावी एकाच माणसाकडं होती.

रविवारी तो खाणवस्तीत गेला. लांबूनच कुदळींचे आवाज आले. वस्तीतल्या माणसांनी नळाभोवतीची सगळी जमीन कमरेइतकी खणून काढली होती. दगड फोडणारी माणसं ती, काम नेटकं केलेलं. चर उघडा पडलेला, त्यात पंचायतीची तीच जुनी अर्धा इंची पाईप, आणि दुसरं काहीही नाही. खणणाऱ्यांना वाटलं होतं, गाव येऊन बघेल. गाव आलं होतं. दोघं तिघं काठावर उभं राहून बघून गेले, आणि जाता जाता म्हणाले, बघा, रातोरात काढून टाकली.

शांताक्का मातीच्या ढिगावर बसली होती. साठीची बाई, तळहात दगडासारखे. तिनं त्याला बघून पदर सावरला, पाणी विचारलं. त्या दिवशीसुद्धा पाणी विचारलं. बब्रुवाननं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ही माझी थाप, अक्का. पैज लावली होती.

शिवी येईल म्हणून तो वाट बघत होता. शिवी आली असती तर त्याला हलकं वाटलं असतं.

"थट्टा केलास होय," ती म्हणाली. "आमच्यासंगं करायची की अप्पा. आमच्यावर कशाला केलास?"

तो निघाला तेव्हा तिनं मागून एवढंच सांगितलं, की उद्या सभेत बोल, तुझं ऐकत्यात. तिचा अजून त्याच्यावर विश्वास होता आणि तो त्याला चावीपेक्षा जड झाला.

सोमवारी चौकातल्या लिंबाखाली सभा. पलीकडं बाजार मांडलेला, कांद्याचे ढीग, मिरच्या. लिंबाच्या बुंध्याशी गोरोबाची पेटी आणि बसायचा पाट, नेहमीसारखा. सरपंच जुन्या पक्षाचे, वारा कुठून येतो ते ओळखून खाली मान घालून बसलेले. हिंमतराव पहिल्या रांगेत, गळ्यात कुलपाचं उपरणं. रणधीर मागं, एका कडेला. त्याला बोलायची गरज उरली नव्हती. खाणवस्तीची माणसं सावलीच्या बाहेर उन्हात उभी.

ग्रामसेवकानं ठराव वाचला: चौकशी होईपर्यंत खाणवस्तीचा सार्वजनिक नळ बंद ठेवावा. बब्रुवान उठला. हातात चावी होती, ती काठीसारखी टेकून उभा राहिला.

"ती पाईप म्या घातलेली हाय," तो म्हणाला. "लोखंडाची न्हाय, तोंडाची."

मग त्यानं सगळं सांगितलं. ओटा, वस्तरा, अर्धी मिशी. आधी कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा चौक हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत माणसं हसली. मागून आवाज आला, की बब्र्या, कोंबड्यांचंबी सांग. आयुष्यभर ज्या माणसाच्या थापा गावानं खऱ्या मानल्या, त्याचं एक खरं बोलणं थाप म्हणून उडालं. तो हिंमतरावांकडं वळला आणि म्हणाला, मी खोटा असेन, ह्यांना विचारा, हातात हात होता आमचा.

चौक थांबला. हिंमतरावांनी उपरण्याचं टोक नीट केलं.

"कसली पैज?" ते म्हणाले. "मला काय म्हाईत न्हाय."

बब्रुवाननं गोरोबाकडं बघितलं. गोरोबा पेटीतल्या कात्र्या एकीकडून दुसरीकडं ठेवत होता. त्याचं पोट निम्म्या गावाच्या दाढ्यांवर चालत होतं, आणि ते निम्मं गाव समोर बसलं होतं. त्यानं मान वर केली नाही.

हात वर झाले. ग्रामसेवकानं मोजले नाहीत, मोजायचं कारण नव्हतं. सारजाबाईंचा हात सगळ्यांत आधी वर होता आणि सगळ्यांत शेवटी खाली आला. सरपंच टेबलाकडं बघत म्हणाले, की बब्रुवान, उद्यापासून मग.

बब्रुवान पुढं गेला. चावी त्यानं टेबलावर ठेवली. टेबल हललं, पाण्याचा पेला कलंडला आणि ठरावाचा कागद भिजला.

"दुसरं कुणी तरी बघा," तो म्हणाला.

तिथून तो घरी जाईल असं लोकांना वाटलं. तो लिंबाच्या बुंध्याशी गेला आणि गोरोबाच्या पाटावर मांडी घालून बसला. तोंड चौकाकडं.

"गोरोबा, आठ दिवसांत थाप बंद झाली न्हाय. म्या हरलोय. हरलेल्यानं द्यायचं असतंय."

पुन्हा हसू पिकलं. हा बब्र्या काही सुधारायचा नाही. बाजारातली माणसं दुकानं सोडून बघायला आली. गोरोबा तसाच उभा होता. मग त्यानं वाटीत पाणी ओतलं, ब्रश बुडवला, आणि बब्रुवानच्या मिशीच्या डाव्या भागाला साबण लावायला लागला. फक्त डाव्या. हिंमतराव जागेवरून उठले, जवळ आले, आणि आवाज न चढवता म्हणाले, गोरोबा, उगं तमाशा नको, पेटी आवर.

गोरोबानं वस्तरा चामड्यावर दोनदा ओढला.

"हात म्या तोडला होता, पाटील," तो म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता. पण पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, त्यांचं हसू आधी थांबलं, आणि मग मागं मागं थांबत गेलं. काहींना काय झालं ते कळलंच नाही, शेजारचा हसत नाही म्हणून ते थांबले. हिंमतरावांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. कुणी वर केलेला हात माघारी घेतला नाही. ठराव होता तिथंच राहिला, टेबलावर, ओला.

वस्तरा चार वेळा फिरला. केस फडक्यावर पडले, निम्मे पांढरे. गोरोबानं उजवीकडं साबण न्यायला ब्रश उचलला, सारखं करतो म्हणाला, पण बब्रुवाननं त्याचं मनगट धरलं. पैज अर्ध्याचीच होती. आरशात त्यानं एकदा बघितलं. दोन महिने तरी असंच दिसणार. मुरुमच्या बाजारात, लोहाऱ्याच्या जीपमध्ये, लग्नात, मातीला, जो भेटेल तो विचारणार.

गर्दी पांगली. कांद्याचा भाव पुन्हा सुरू झाला. उन्हातली खाणवस्तीची माणसं एकेक करून निघाली. शांताक्का शेवटी, मागं वळून एकदा बघून. सारजाबाई तेवढ्या काठी टेकत बुंध्यापर्यंत आल्या, वाकल्या, आणि ऑपरेशन झालेला डोळा जवळ नेऊन त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"काय रं बब्र्या," त्यांनी विचारलं, "अर्धीच का ठिवलास?"

बब्रुवान पाटावर सरकला आणि त्यांना जागा करून दिली.

"बसा काकू," तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं.